चौथ्या रविवारचं गाणं

आमचे हे चर्चच्या कमिटीवर आहेत, हे आधीच सांगून टाकते. कारण माझा निम्मा राग घरातल्या घरातच आहे.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. यंदा पाळकांनी ठरवलं, दर रविवारी एक जुनं नाताळगीत घ्यायचं आणि त्यावरच उपदेश करायचा. पहिलं मेंढपाळांचं, दुसरं ताऱ्याचं, तिसरं घंटांचं. चौथं आयांचं. हेरोद राजाने बेथलेहेमची तान्ही मुलं मारली, तेव्हा त्यांच्या आयांनी केलेला शोक. चाल अंगाईची. आमच्याकडे ते एकच बाई सुरू करते, बाकीच्या मागून उचलतात, अशी रीत आहे. आणि ती बाई म्हणजे कित्येक वर्षं माझी धाकटी जाऊ.

तर कमिटीने नेमकं तेच काढून टाकलं. का, तर धाकटीला त्रास होईल. त्याजागी टाळ्या वाजवायचं काहीतरी घुसडलं.

धाकटी पडदे शिवते. तोंडाने फटकळ, पण तिच्या टाक्याला नाव ठेवायची कुणाची टाप नाही. लग्नानंतर फार उशिरा तिला मुलगा झाला. चांगला गुटगुटीत, म्हणून आम्ही त्याला ढब्बू म्हणायचो. यंदाच्या उन्हाळ्यात ताप आला आणि लेकरू आमच्या डोळ्यांदेखत गेलं.

तेव्हापासून लोकांनी मांडलंय काय? ती आली की बोलणी बंद. शेजारीण कडेवरचं पोर घेऊन जिन्यातूनच मागे फिरते. कॉयरवाल्यांनी "तू आराम कर" म्हणत तिची खुर्चीच उचलली. आणि म्हणे हा चांगुलपणा. असला चांगुलपणा गेला खड्ड्यात.

गाण्याची बातमी मीच तिला दिली. पडद्याची दुमड घालत होती, तिने मशीन थांबवलं.

"जाऊबाई, इतक्या महिन्यांत माझ्यासमोर कुणी ढब्बूचं नाव घेतलं नाही. जसा काही तो झालाच नव्हता. त्या एका गाण्यात माझ्यासारखीला जागा होती, तीही काढली. मला विचारलं होतं का कुणी?"

संध्याकाळी मी यांना धारेवर धरलं.

"सणासुदीला रडगाणं कशाला," हे म्हणाले. "तिच्याच भल्यासाठी केलं."

"तिचं भलं तिला न विचारता ठरवणारे तुम्ही कोण टिकोजीराव? आणि बेथलेहेमचं बाळ जन्मलं ते आपल्या गोष्टीत, मग हेरोद काय शेजारच्या गोष्टीतला?"

हे अर्धं जेवण टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी धाकटी पाळकांकडे निघाली, मी तिच्या मागोमाग. पाळक भला माणूस, पण कमिटीपुढे अगदी गरीब गाय. म्हणाले, "तुम्हाला झेपेल का?"

"नाही झेपणार," धाकटी म्हणाली. "त्या बायांना तरी कुठे झेपलं होतं? मी मध्येच थांबले तर थांबेन. तुमचा उपदेश तिथून सुरू करा."

पाळकांनी छापलेल्या पत्रकावरचं टाळ्यांचं गाणं पेनने खोडलं.

चौथ्या रविवारी धाकटी उभी राहिली. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात आवाज बसला. आता बायकांनी उचलायचं होतं, पण एकीचं तोंड उघडेना. सगळे आपापले बूट बघत बसले. एकेकाला धरून गदागदा हलवावं, असं मला झालं होतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक भसाडा पुरुषी आवाज आला, त्याच ओळीपासून. मी वळून पाहिलं तर आमचे हे. सूर कशाशी खातात हेही ज्यांना ठाऊक नाही, ते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी गाणं सोडेनात. मग लाजेकाजेने बायका आल्या आणि शेवटी धाकटीही.

उपासना संपल्यावर हे बाहेर पायऱ्यांवर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तुला विचारायला हवं होतं," म्हणाले. आणि मग, "ढब्बूचे कान माझ्यावर गेले होते, नाही गं?"

"कान नाही, भावोजी, आवाज," धाकटी म्हणाली. "तुमच्यासारखाच भसाडा रडायचा."

आणि हसली. मग घरी पोचेपर्यंत ती त्याच्याबद्दलच बोलत होती.