सगळ्यांचे अंगठे

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्याच सुमारास दुष्काळही मुक्कामाला आला. मी मूळची विदर्भाच्या सीमेवरच्या हदगावची, तीन वर्षांपासून रेणापूरजवळच्या खेड्यात शिक्षिका. माझ्या ‘करून राहिले’ अशा बोलीला गावातल्या बाया हसायच्या, पण बोलण्यात मी कुणाला हार जायची नाही, आणि त्याचा मला भारी गर्व होता.

विहिरीनं तळ गाठला तेव्हा बायांनी ठरवलं, रिकाम्या घागरी घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत जायचं आणि टँकर मागायचा. मीच त्यांना अडवलं. “उन्हात कशाला जीव काढता? असा अर्ज लिहिते की टँकर धावत येईल.” उचलली जीभ लावली टाळ्याला! बायांनी ऐकलं. शाळेतलं शाईचं पॅड आणून मी सगळ्यांचे अंगठे घेतले. अर्ज झकास लिहिला आणि हाताच्या सवयीनं पत्ता घातला जुन्या जिल्ह्याचा, उस्मानाबादचा.

अठरा दिवसांनी पाकीट शाळेत परत आलं. वर शेरा होता, ‘हे गाव आता आमच्याकडे नाही.’ तोवर बाया दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. पाकीट फक्त मी पाहिलं होतं. दोन दिवस ते लपवून ठेवलं, सांगायला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी विहिरीवर गेले. बायांमध्ये जी सर्वांत वडील होती, तिला सगळे मावशी म्हणत. “मावशी, अर्ज परत आला. जिल्हा नवा, टपालाचा गोंधळ, साहेबलोकांनाच अजून...”

“नाचता यीना, अंगण वाकडं,” मावशी म्हणाली. “पत्ता कुणी घातला, बाई?”

“मी. चूक माझीच आहे.”

इतकं थोडक्यात मी कधी बोलले नव्हते. “माझ्या खांद्याची सालटी निघाली, बाई,” एकजण म्हणाली. मावशीनं रिकामी घागर माझ्या हातात दिली. “धरा. उद्या संगं चला.”

लातूरच्या कचेरीत साहेबांनी पाकीट उलटसुलट पाहिलं, आतला अर्ज काढला. “इतके दिवस वाया! कुणी केला हा गाढवपणा?”

मी पुढं झाले. मावशीनं कोपरानं मला मागं सारलं.

“आमी. बघा की, समद्यांचे अंगठे हायेत त्यावर.”

तिला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. तिचे उपकार मी अजून विसरले नाही.

दोन दिवसांनी टँकर आला. रांगेत मी सगळ्यांच्या मागं उभी राहिले. माझी पाळी येईपर्यंत टँकर संपला. मावशीनं तिच्या घागरीतलं अर्धं पाणी माझ्या घागरीत ओतलं.