लोकल्स दिसेनात

आता काय सांगू तुम्हाला, चहा घ्या आधी. पण हसताना ठसका लागला तर मला बोलू नका.

कोप्पीकर रोडवर आमचं लहानसं सॉफ्टवेअरचं ऑफिस. रायापूरच्या एका हॉस्टेलसाठी मी पाण्याच्या पंपाचा प्रोग्राम लिहिला होता. टाकीत तरंगणारा फ्लोट पाण्याची पातळी कळवतो, टाकी भरली की पंप आपोआप बंद. पण दोन दिवस टाकी भरून वाहत होती, आणि आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, ते काय वेगळं सांगायला पाहिजे? वॉर्डन सरांनी बजावलं, "संध्याकाळपर्यंत नीट झालं नाही तर तुमचं मशीन काढून टाकतो."

मी इथूनच ऑनलाइन डीबगर लावला. म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवायचा आणि आतल्या लोकल व्हेरिएबल्समध्ये कुठले आकडे आहेत ते बघायचं. आम्ही त्यांना नुसतं लोकल्स म्हणतो. तर ती लोकल्सची खिडकी रिकामी! डीबगर काढून परत टाकला. लॅपटॉप बदलला. शेवटी व्हायरस आलाय असं जाहीर करून बाकी सगळ्यांना लॅपटॉप बंद करायला लावले.

तेवढ्यात वॉर्डन सरांचा फोन. मी म्हटलं, "लोकल्स दिसत नाहीत सर. ते दिसल्याशिवाय काही कळायचं नाही."

"लोकल पाहिजेत होय? आधी सांगायचं की. पाठवतो."

मी घाईत "बरं बरं" म्हणून ठेवला. काय पाठवणार, हे विचारायचं भान कुणाला होतं?

तासाभरात ऑटोतून तिघे उतरले. प्लंबर बसप्पा, एक इलेक्ट्रिशियन आणि हॉस्टेलचा माळी. बसप्पा दारातूनच कानडीत म्हणाले, "वॉर्डन सर कळस्यार्री. लोकल मंदी बेकंत." सरांनी पाठवलंय, लोकल माणसं हवीत म्हणे!

हा गोंधळ ऐकून टेस्टिंगच्या सुधाक्का उठून आल्या. स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "रिलीज बिल्डवर डीबगर लावलायस काय रे?"

गिऱ्हाईकाला द्यायचा प्रोग्राम वेगळा बांधतात, तपासायचा वेगळा. पहिल्यात वेग यावा म्हणून लोकल्सचा मागमूस ठेवत नाहीत. आणि सकाळी तोच पर्याय निवडून बसलो होतो मी.

अक्कांनी पर्याय बदलला, प्रोग्राम पुन्हा बांधला, आणि सगळे लोकल्स ओळीनं हजर. मी खुर्चीतून उडालोच. टाकीची पातळी चाळीस टक्के. पुन्हा बघितलं, चाळीस. टाकी तिकडे वाहतेय आणि आकडा हलायला तयार नाही.

"तुझा प्रोग्राम बरोबर आहे," अक्का म्हणाल्या. "टाकीतनं आकडाच चुकीचा येतोय."

"टाकीतला फ्लोट पाईपला अडकलाय की," बसप्पा शांतपणे म्हणाले. "परवाच बघितलोय मी."

"मग सोडवला का नाहीत?"

"सर म्हणाले, हात लावू नको. इंजिनिअरसाहेब शोधायलेत."