बाणाचा टेकू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे. मी मागच्या अंगणात धनुष्य ओढत होतो आणि माझी बायको पंधरा पावलांवर, माझ्याकडं पाठ करून, खुर्चीवर बसून ऐकत होती. मांडीवर ताट, ताटात मेथी. नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचे तीन वाजले असतील. वारा होता.

लोक विचारतात, शेवटी काय बोललात. दुसरं काय बोलणार? धनुष्याबद्दल बोललो.

बाण धनुष्यावर जिथं टेकतो तिथं एक लहानसा भाग असतो. दुकानात त्याला रेस्ट म्हणतात. बायको टेकू म्हणायची, म्हणून मीही टेकूच म्हणतो. हरीण पंधरा-वीस पावलांवर आलं की धनुष्य सावकाश ओढायचं, आणि ओढताना बाण त्या टेकूवरून मागं सरकतो. तिथं जरा खर्र झालं की संपलं. हरीण मान वर करतं, कान तुमच्याकडं फिरवतं, आणि तुमची वर्षभराची तयारी पांढरं शेपूट वर करून निघून जाते.

मला तो खर्र ऐकूच येत नाही, ही माझी अडचण. पंचवीस वर्षं प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकला. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. पाखरं माझ्यासाठी कधीच गप्प झालीत. मुलानं कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, पण ते घातलं की सगळंच वाजायला लागतं. जाकिटाची बाही वाजते, स्वतःचा घास वाजतो. त्यात टेकू कुठला आणि बाही कुठली, काही कळत नाही. मशीन ड्रॉवरमध्ये पडून असायचं.

कान एवढे गेल्याचं मला हरणानंच सांगितलं म्हणा. आदल्या वर्षी मचाणावर बसलो होतो. चांगला मोठा नर झाडाखाली आला, खाली मान घालून. वारा त्याच्याकडनं माझ्याकडं, उजेड चांगला. मी ओढायला लागलो आणि तो असा उडाला की जणू कुणी त्याला हाक मारली. घरी येऊन बायकोपुढं तस्सं ओढून दाखवलं. म्हटलं, यात कुठं चुकलं सांग.

"अहो, केवढं वाजलं!"

"काय वाजलं?"

"दाराची कडी काढल्यासारखं. तुम्हाला नाही आलं?"

मी परत ओढलं. ती हसायलाच लागली. "शिकारी आले बघा. हरीण बिचारं म्हणत असेल, कोण म्हातारा दार उघडतोय जंगलात."

तेव्हापासून माझे कान म्हणजे तीच. नर्स होती ती. आयुष्यभर छातीला नळी लावून ऐकलेलं. पेशंट कॉरिडॉरमध्ये खोकला तरी सांगायची, याच्या छातीत पाणी झालंय. अमेरिकेला तेव्हा नर्सा पाहिजे होत्या, टर्नर नको होते. मी सातवी पास, मिरजेच्या एका वर्कशॉपात टर्नर. ती आधी आली, आठ महिन्यांनी मी. गावात म्हणायचे, बायकोचा पदर धरून गेला. खोटं काय होतं त्यात? इथं पहिले सहा महिने दुकानात तीच बोलायची, मी पिशव्या धरायचो.

शिकार मला प्रेस शॉपच्या फोरमननं शिकवली. शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्याही पुढं, जिथं घरं संपून मक्याची शेतं सुरू होतात, तिथं त्याच्या भावाचं रान होतं. पहिलं हरीण घेऊन आलो तेव्हा बायको गॅरेजच्या दारात हात कमरेवर ठेवून उभी.

"हे माझ्या पातेल्यात शिजायचं नाही, सांगून ठेवते."

"मग कुठं शिजवू?"

"जिथं मारलंत तिथं."

तीन आठवडे फ्रीजरमध्ये राहिलं. मग एका रविवारी सांगलीहून आलेली कांदा-लसूण चटणी घालून तिनंच रस्सा केला. पहिला घास खाल्ला. दुसरी भाकरी घेतली. मी ओळखलं.

तर त्या शेवटच्या वर्षी नवा टेकू घ्यायचं ठरलं. आमच्या इथं एका म्हाताऱ्या गोऱ्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे घरामागचं धान्याचं कोठार, त्यात धनुष्यं टांगलेली. त्यानं दोन टेकू दिले. म्हणाला, दोन्ही लावून बघ, रविवारी बारापर्यंत एक परत आण, माझ्याकडं हे शेवटचेच आहेत. आणि डोळा मारून म्हणाला, "मला नको विचारू. तुझ्या बॉसला विचार." बायको दुकानात दोनदाच आली होती, पण तेवढ्यात त्यानं तिला बॉस करून टाकलं होतं.

एक टेकू कड्याचा. गोल कडं, आत ताठ केसांचा ब्रश, बाण मधे बसवायचा. पळा, वाका, उलटं धरा, बाण पडत नाही. भरवशाचा. पण केसांतून सरकताना आवाज करणार. दुसरा पडणारा. त्याचा काटा एका बारीक दोरीनं धनुष्याला बांधलेला असतो. धनुष्य ओढलं की काटा बाणाला वर उचलतो, बाण सुटला की आपोआप खाली पडतो, कुठं घासत नाही. गुपचूप काम. पण दोरी सैल झाली तर ऐन वेळी दगा.

बायकोनं एका वाक्यात निकाल लावला. "पडणारा वाजला नाही तर तो घ्या, दोरी काय, तुम्ही रोज तपासालच. वाजला तर मग कड्याचा काय वाईट आहे? उगं नाजूक सामान कशाला?"

आमचा नेम ठरलेला होता. हरीण जिथं असेल तेवढ्या अंतरावर तिनं पाठ करून बसायचं. मी धनुष्य कुंपणाकडं धरायचो, तिच्या दिशेला कधी नाही, आणि बाण नुसता ओढून, न सोडता, सावकाश परत पुढं आणायचो. आवाज आला तर तिनं "वाजलं" म्हणायचं. नाही आला तर गप्प बसायचं. मेथी निवडायची ती मधल्या वेळात. मी पाय आपटला की हात थांबवायचे आणि ऐकायचं.

आधी कड्याचा लावला. ओढला.

"वाजलं."

परत ओढला.

"वाजलं. पाल्यावरनं उंदीर गेल्यासारखं."

"उंदराला हरीण भीत नाही."

"मग मला कशाला बसवलंय इथं? उंदराला बसवा."

मग पडणारा लावला. खाली जिथं बाण टेकतो तिथं मऊ कापड चिकटवलं. हे सगळं करायला अर्धा तास गेला असेल. तोवर ती तशीच बसून. अंगात पातळ स्वेटर. मी पाय आपटला, ओढला. ती काही बोलली नाही. मी खूश. दुसऱ्यांदा पाय आपटला, ओढला.

ती काहीतरी म्हणाली. वाऱ्यात शेवट उडून गेला. मला ऐकू आलं, "वाजतंय."

मी कापड काढलं, दुसरं लावलं. त्यात आणखी वेळ. ओढला. परत "वाजतंय." आता माझं डोकं फिरायला लागलं. पहिल्यांदा वाजलं नाही आणि आता कसं वाजतंय? काटा पुसला. बाण बदलला. नवा बाण नुसता टेकूवर ठेवला, अजून धनुष्याच्या दोरीला हातही लावला नव्हता, तर तिसऱ्यांदा तेच.

"अगं, अजून ओढलाच नाही मी! काय वाजतंय?"

तिनं वळून बघितलं. हसली. हात असा झटकला, जाऊ दे म्हणून. ताट उचललं आणि आत निघून गेली. तिची ती सवयच होती. मला दोनदा सांगायची, तिसऱ्यांदा सांगायची, चौथ्यांदा सोडून द्यायची. बहिऱ्याशी संसार म्हणजे असाच.

मी बाहेरच राहिलो. आणखी पाऊण तास त्या काट्याशी मारामारी केली. आत आलो तेव्हा टेबलावर माझा चहा बशीनं झाकून ठेवलेला, गार झालेला. ती सोफ्यावर गोधडी घेऊन पडलेली, डोळा लागला होता. उठवलं नाही. मेथी निवडून धुऊन चाळणीत ठेवली होती.

सहाला उठवायला गेलो. उठली नाही.

ॲम्ब्युलन्स लगेच आली. माणसं चांगली होती, सगळं केलं त्यांनी. आठच्या सुमाराला डॉक्टरनं मला एका खोलीत बसवून सांगितलं. हृदय. मी पहिलं एवढंच विचारलं, ती थंडीत बसली होती, त्यानं झालं का? तो म्हणाला नाही, हे आतून चालू होतं, आज नाहीतर उद्या. मी दोनदा विचारलं, त्यानं दोनदा नाही म्हटलं. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. डॉक्टरांचं ऐकायचं, हे तिनंच शिकवलं होतं.

मग मी बाहेर बाकावर बसलो. कागद करायचे होते. तिथं हात-पाय गार पडले, दातावर दात आपटायला लागले. एक तरुण नर्स जाताजाता थांबली, विचारलं, थंडी वाजतेय का तुम्हाला, ब्लँकेट आणू? इंग्रजीतच विचारलं तिनं. पण माझ्या तोंडातून मराठीत उत्तर गेलं.

"वाजतेय."

आणि मला तो शब्द माझ्याच आवाजात ऐकू आला.

आमच्या घरात थंडी वाजते असं पूर्ण कुणी म्हणायचं नाही. पहिल्या हिवाळ्यात बसस्टॉपवर ती बर्फात उभी राहून नुसतं म्हणायची, वाजतेय हो, वाजतेय. थंडी काय ते सांगायची गरज नव्हती, सगळीकडं तीच होती. पुढं गाडी आली, घर आलं, तरी तो शब्द तसाच राहिला. वाजतंय आणि वाजतेय. फरक एवढासाच. पण माझ्या कानात तेवढासा मावत नाही.

नेम "वाजलं" म्हणायचा होता. "वाजतंय" ती कधी म्हणालीच नव्हती. हे मला तिथं बाकावर आठवलं. पण खात्रीनं कसं सांगू? वारा होता. कदाचित कापड खरंच घासत असेल. कदाचित वैतागून ती शब्द बदलून म्हणाली असेल. विचारायचं कुणाला? विचारायची जागा एकच होती, ती गेली.

त्यानंतर एवढे हिवाळे गेले, तरी ती मला फोटोतली, नटलेली अशी नाही आठवत. मला तिची पाठ आठवते. खुर्चीत बसलेली, मान जरा एका बाजूला, कान देऊन. आयुष्यात माझं कुणी एवढं लक्ष देऊन ऐकलेलं नाही. मी आवाज करू नये म्हणून कुणी एवढं थांबलेलं नाही. आज पाय आपटला तर कुणाचे हात थांबणार आहेत? एकदा कुणीतरी मागनं "वाजलं" म्हणावं. चिडून म्हणावं, चालेल.

त्या रात्रीच मुलाला फोन केला होता. तो क्युपर्टिनोला, कॉम्प्युटरमध्ये. रडत होता, म्हणाला, "बाबा, डोन्ट ड्राइव्ह एनीव्हेअर. आय ॲम कमिंग." विमान रविवारी दुपारी दीडला पोचणार होतं.

सकाळ झाली. मराठी मंडळातल्या बायका दहाला येतो म्हणाल्या होत्या, पोहे घेऊन. मी साडेनऊलाच निघालो. काही ठरवलं नव्हतं. दोन्ही टेकू टेबलावर पडले होते आणि बारापर्यंत एक परत करायचा शब्द दिला होता, एवढंच डोक्यात. रात्री पडणारा टेकू धनुष्यावरून मीच काढला होता. कधी काढला, आठवत नाही.

गाडीत दोन्ही शेजारच्या सीटवर ठेवले. आणि रस्त्याला लागल्यावर कळलं की हे साधं राहिलेलं नाही. कड्याचा ठेवून घेतला, तर त्याचा अर्थ ती टेकूबद्दल बोलत होती, पडणारा वाजत होता, मी बरोबर ऐकलं, मी बरोबर केलं. मी सुटलो. पडणारा ठेवून घेतला, तर तो वाजत नव्हता. तर ती मला तीनदा सांगत होती की तिला थंडी वाजतेय, आणि मी कापड बदलत होतो. मक्याची कापलेली शेतं दोन्ही बाजूंनी. मला गाडी हळू चालवता येत नव्हती आणि पोचायचंही नव्हतं.

म्हातारा कोठारात स्टोव्ह पेटवून बसला होता. मला बघून म्हणाला, "आलास वेळेत. मग? बॉस काय म्हणाली?"

मी त्याला ती गेल्याचं सांगितलं नाही. इंग्रजीत थंडी वाजत नाही, नुसती असते. म्हणून मला जसं येत होतं तसं सांगितलं.

"शी सेड, शी वॉज कोल्ड."

तो हसला. "शहाणी बाई. पुढच्या वेळी तिला तुझं जाकीट दे."

मी बरं म्हणालो. कड्याचा टेकू काउंटरवर सरकवला, पडणारा खिशात घातला आणि विमानतळाकडं निघालो.