आडनावापुरते पोर्तुगीज

आमच्या चर्चच्या गाणाऱ्या क्वायरमधली दोन माणसं कुठंही भेटली, मॉलमध्ये, मिसाच्या प्रार्थनेला जमलेल्या गर्दीत, अगदी डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘ए, ते कुणाला सांगितलं नाहीस ना?’ मग एकातून दुसरं निघतं, दुसऱ्यातून तिसरं, आणि दोघंही तोंडावर हात ठेवून हसत सुटतो. हसतो कसले, लाज लपवतो! लोकांच्या किश्शांत निदान सांगणारा तरी हुशार असतो. आमच्या किश्शांत सगळेच्या सगळे मूर्ख ठरतात, आणि तरी ते साठतच राहतात. आज सांगूनच टाकते.

आम्ही म्हणजे बहारीनमधले वसईकर कॅथलिक. कुणी ऑफिसात, कुणी हॉटेलात, मी एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्समध्ये. आडनावं परेरा, डिमेलो, लोपीस. भाषा मराठी. पोर्तुगीजचा एक शब्द येईल तर शपथ!

आमचे पास्कल सर एका कंपनीचं स्टोअर सांभाळायचे, पण लहानपणी वसईत एका फादरकडे व्हायोलिन शिकलेले, म्हणून सगळ्यांचे सर. त्यांचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. व्हिसा कॅन्सल होणार, कायमचे घरी जाणार. जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट करायची होती. पोर्तुगीज संगीतकारांचं संगीत, जुन्या कॅथीड्रलवाल्यांपासून थेट विसाव्या शतकापर्यंत, एका बैठकीत लोकांसमोर गायचं.

‘ते लोक आपल्याला आडनावं देऊन गेले आणि गाणी घेऊन गेले,’ सर म्हणायचे. ‘एकदा तरी गाऊन घेऊ या.’

माणसाची शेवटची संधी, आणि ती आमच्या हातात!

* * *

पहिल्या प्रॅक्टिसला सरांनी गाऊ दिलंच नाही. आधी इतिहास!

संगीतकारांची नावं मी इथं लिहीत नाही. चुकीची लिहिली तर सर वसईहून फोन करून झापतील. एवढंच सांगते की एका कॅथीड्रलच्या शाळेतून एकामागून एक अशी बापमाणसं निघाली, की मेलेल्यांसाठीच्या प्रार्थना सहा-सहा, आठ-आठ आवाजांत बांधायची. पुढं एक तर चक्क राजा होता. राज्यही केलं, संगीतही लिहिलं आणि संगीताची मोठी लायब्ररी जमवली. मग लिस्बनमधला एक तरुण, कीबोर्डसाठी इतकं गोड लिहून चाळिशीच्या आत गेला. आणि अगदी अलीकडचा एक, सरकारशी पटेना म्हणून ज्याच्या शिकवण्यावर बंदी आली. तो खेड्यापाड्यांतली गाणी क्वायरकडून गाऊन घेत बसला.

हे सांगता सांगता सर पुन्हा राजाच्या लायब्ररीवर आले आणि त्यांचा आवाज बसला. ‘नंतर लिस्बनला भूकंप झाला. लायब्ररी गेली. किती संगीत असं गेलं की ते आता कुणालाच कधी ऐकू येणार नाही.’

त्यांनी चष्मा काढला. आमचा टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारा अँथनी, आयटीत आहे. तो अगदी कळवळून म्हणाला, ‘सर, बॅकअप नव्हता?’

मी हसले. हसायला नको होतं हे कळत होतं, तरी हसले. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

* * *

प्रॅक्टिस दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिसानंतर माझ्या ईसा टाउनच्या फ्लॅटवर व्हायची. कार्यक्रमाचा मुख्य तुकडा होता मृतांसाठीच्या मिसाचा, चारशे वर्षांपूर्वीचा. आम्ही तो जसा गायचो, त्यानं मेलेल्यांना शांती लाभली असेल असं वाटत नाही. माझी मुलगी पहिल्या दिवशी किचनमधून धावत आली. ‘मम्मा, इज समबडी हर्ट?’

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचा मिलिंद जाधव. नांदेडचा, एका कंपनीत एसीच्या चिलरचा टेक्निशियन. लिफ्टमध्ये हाय-हॅलो एवढीच ओळख. पांढरा शर्ट, मान खाली, हातात मोठा स्टीलचा डबा.

‘ताई, पिठलं-भात आहे. बायकोनं दिलाय. अशा टायमाला घरात कोण करणार ओ सैपाक?’

मी काही विचारायच्या आत तो आत आला, कार्यक्रमाचे काळे कपडे घालून बघत असलेल्या आम्हा सगळ्यांना त्यानं पाहिलं, आणि हळूच विचारलं, ‘कोण गेलंय?’

सर खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, ‘गेलेत तसे. पण चारशे वर्षं झाली.’

मिलिंदनं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ‘चारशे वर्षं झाली, आन तुम्ही आजून रडायलाव?’

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. माफी मागून डबा परत द्यावा म्हणून वळले, तर अँथनीनं तो कधीच उघडला होता. दुसरा घास चालला होता!

मिलिंद मात्र गेला नाही. बसून ऐकलं आणि म्हणाला, ‘खालचा आवाज कमी पडायलाय.’ तो गावाकडे भीमजयंतीच्या गायन पार्टीत गायचा. सरांनी एक ओळ गायला लावली. माझ्या शोकेसमधल्या काचा थरथरल्या. आमच्याकडे बेस गाणारा एकच होता आणि त्यालाही कायम सर्दी. पुढच्या शुक्रवारपासून मिलिंद आमचा झाला. डबा मात्र त्याच्या बायकोनं परत कधी पाठवला नाही.

* * *

आमच्या चर्चच्या फादरांना काय चाललंय ते कळावं म्हणून एकदा मिसानंतर चर्चमध्ये एक छोटा तुकडा गायचं ठरलं. सूर धरण्यापुरता कीबोर्ड ठेवला होता, तो माझ्याकडे. लोक हात जोडून उभे. आम्ही ‘हे प्रभू, त्यांना चिरंतन विसावा दे’ अशा अर्थाची लॅटिन ओळ सुरू केली, आणि पान उलटताना माझं कोपर कुठल्याशा बटणावर पडलं.

कीबोर्डमधून बोसानोव्हाचा नाचरा ठेका सुरू झाला! ढिक-चिक, ढिक-चिक, मागे माराकासचे खुळखुळे!

मी एकेक बटण दाबत सुटले. एकानं वेग वाढला, दुसऱ्यानं ट्रम्पेट आले. क्वायर थांबायला तयार नाही, कारण सरांची शिकवण एकच, काहीही झालं तरी थांबायचं नाही. पहिल्या बाकावरच्या एका आजींचा पाय ठेका धरू लागला. शेवटी अँथनीनं वायर खेचली.

बाहेर आल्यावर मी सरांपुढे रडायचीच बाकी होते. ‘सर, माझ्यामुळे...’

‘ग्रेसी,’ सर शांतपणे म्हणाले, ‘आज पहिल्यांदा सगळे एका लयीत होते.’

त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

* * *

जागा मिळेना. सरांच्या जाण्याचा दिवस जवळ येत चालला. मग सीफमधल्या एका हॉटेलात पोर्तुगीज फूड फेस्टिव्हल असल्याचं कळलं. सर, अँथनी आणि मी मॅनेजरला भेटायला गेलो. मॅनेजर लेबनीज, भारी उत्साही. आमची आडनावं ऐकून तो खुर्चीतून उठलाच.

‘परेरा! डिमेलो! लोपीस! म्हणजे तुम्ही पोर्तुगीज!’

अँथनी माझ्याकडे बघायला लागला, मी सरांकडे. सर खोटं बोलत नाहीत. सर खोकले. मॅनेजरनं तो खोकला ‘हो’ म्हणून घेतला आणि आम्हाला अख्खी संध्याकाळ दिली. खलास!

दोन दिवसांनी मॅनेजरचा फोन. पोस्टरसाठी नावं द्या. आता आली का पंचाईत! सगळी नावं शोभत होती, फक्त ‘मिलिंद जाधव’ सोडून. प्रॅक्टिसला विषय निघाला. अँथनी मनानं वाईट नाही, पण डोक्याच्या आधी त्याचं तोंड चालतं.

‘मिलिंदभाई, एका दिवसाचा प्रश्न आहे यार. पोस्टरवर डिसोझा टाकू का?’

मिलिंद हसला. रागावला असता तर बरं झालं असतं.

‘आमच्यात एकदाच बदललं ओ, अँथनीभाऊ. आज्यानं धर्म बदलला. पूर्ण विचार करून, उजेडात, लाखो लोकांत उभं राहून बदलला. त्याच्यावर आता मी हॉटेलच्या पोस्टरसाठी बदलू का?’

आमच्या नावांचं काय झालं होतं, कुणी बदलली, कुणाला विचारून, हे आम्ही कधी मनातही आणलं नव्हतं, आणि त्याच नावांच्या जोरावर आम्ही हॉटेल मिळवून बसलो होतो! मी किचनमध्ये जाऊन उगाच चहा ठेवला.

शेवटी पोस्टरवर कुणाचंच नाव छापायचं नाही असं ठरलं. मॅनेजरला ते फार आर्टिस्टिक वाटलं.

* * *

पोस्टरच्या फोटोसाठी बहारीनच्या किल्ल्यावर गेलो. त्याला इथं पुष्कळ जण पोर्तुगीज किल्लाच म्हणतात. काळे कपडे, हातात फायली, उन्हानं घामाच्या धारा. तिथला म्हातारा बहारीनी राखणदार बराच वेळ बघत होता. मग जवळ येऊन मोडक्या हिंदीत म्हणाला, ‘तुम पोर्तुगाली?’

अँथनी पोझमध्ये होता. त्यानं छाती पुढं काढून सांगितलं, ‘यस!’

म्हातारा गंभीर झाला. ‘तुम्हारा लोग इधर बहुत खराब काम किया. बहुत मारा. पाँच सौ साल हुआ.’ मग अँथनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘अब आया?’

आणि आमच्या अँथनीनं काय करावं? हात जोडले आणि म्हणाला, ‘सॉरी, अंकल!’

आम्हाला लपायला जागा नव्हती, किल्ला सगळीकडून उघडा. म्हाताऱ्यानं मात्र मोठ्या मनानं हात हलवला. ‘मफी मुश्किल.’ म्हणजे काही हरकत नाही! मिलिंद परतताना म्हणाला, ‘चला, एक केस तर मिटली.’

त्याच गाडीत अँथनीला नवीनच शंका आली. ‘सर, गोव्यावाल्यांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. आपण एवढं त्यांचं गातोय, आपल्याला का नाही देत?’

‘पेशव्यांनी वसई लवकर घेतली,’ सर म्हणाले.

अँथनी खिडकीबाहेर बघत राहिला. ‘थोडं थांबले असते तर काय झालं असतं!’

* * *

आता शेवटचा. हा आम्ही एकमेकांनाही फारसा सांगत नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी मॅनेजरचा आनंदानं फोन आला. बहारीनमधल्या पोर्तुगीज लोकांना त्यानं खास आमंत्रण दिलं होतं! पकडले गेलो तर सरांचा कार्यक्रम भर हॉलमध्ये बंद पडणार, आणि सर मान खाली घालून विमानात बसणार. मी तर देवाकडे सरळ मागितलं, कुणी येऊ देऊ नकोस.

एकच आला. कुठल्याशा कन्सल्टन्सीतला इंजिनिअर, पन्नाशीचा, करड्या सुटात, पहिल्या रांगेत एकटा. सरांनी सुरुवातीचं ‘बोआ नोइत’, म्हणजे शुभ संध्याकाळ, आणि पुढचं एक वाक्य मोबाइलवर ऐकून पाठ केलं होतं. ते कसंबसं म्हणून झालं आणि आम्ही गायला लागलो.

काय सांगू! त्या दिवशी गायलो. कॅथीड्रलवाले झाले, राजा झाला, मृतांची प्रार्थना झाली. मिलिंदचा आवाज तळाला नीट बसला, अँथनी एकदाही पुढं पळाला नाही. खेड्यातल्या गाण्यांपर्यंत पोचलो तेव्हा सरांची मान पहिल्यांदा सैल झालेली मी पाहिली. झालं! चारशे वर्षं पार पडली!

लोक जेवणाकडे वळले. तो माणूस उठून आमच्यासमोर येऊन उभा राहिला आणि पोर्तुगीजमध्ये बोलू लागला. हळूहळू, बराच वेळ. मध्ये थांबला, छातीवर हात ठेवला, परत बोलला. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. आम्ही हसऱ्या चेहऱ्यानं माना डोलावत होतो. सरसुद्धा. शेवटी तो थांबला आणि आमच्याकडे बघत राहिला.

आमच्या पॅरिशची, म्हणजे चर्चच्या मंडळींची, सवय अशी, की पाहुणा बोलला की टाळ्या. अँथनीनं सुरू केल्या, आम्ही सगळ्यांनी जोरात साथ दिली. अँथनीनं तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली! त्या माणसानं किंचित मान झुकवली आणि तो निघून गेला. सुटलो रे बाबा, म्हणून आम्ही एकमेकांचे हात दाबले.

मागे हॉटेलची बँक्वेट सुपरवायझर उभी होती. रेजिना, अलिबागजवळच्या कोर्लईची. तिथल्या ख्रिस्ती लोकांची घरची बोली जुन्या पोर्तुगीजमधून आलेली आहे, हे मला तेव्हा कळलं. तिचा चेहरा उतरला होता.

‘तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्या?’

‘का? काय म्हणाला तो?’

‘सगळं नाय समजलं. पण त्याची आई गेली, याच आठवड्यात. त्याला रजा नाय मिळाली, मयतीला जाता नाय आलं. तुमचं ते मेलेल्यांचं गाणं चाललं होतं ना, तेव्हा आपण तिथंच उभे होतो असं त्याला वाटलं. असं बोलला.’

इथं राहणाऱ्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांनी घरची मयत मोबाइलवर पाहिली आहे. अँथनी खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मिलिंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सर पळाले. त्या वयात, त्या कोटात, लॉबीतून थेट पार्किंगमध्ये. मी त्यांच्या मागे. तो माणूस गाडीचं दार उघडत होता.

‘सर, सॉरी,’ पास्कल सर धापा टाकत इंग्लिशमध्ये म्हणाले. ‘आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्हाला काही कळलं नाही. आम्ही पोर्तुगीज नाही. इंडियातले, वसईचे. आमची फक्त नावं तशी आहेत.’

त्यानं गाडीचं दार धरून सगळं ऐकून घेतलं.

‘आय नो,’ तो म्हणाला. ‘तुम्ही बोआ नोइत म्हणालात, तेव्हाच कळलं होतं.’