साडूभाऊंच्या गाडीची मागची काच

उत्तरायण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, होऊन आठवडाभर झाला होता. त्या गुरुवारी सकाळी सुभानपुऱ्यात माझ्या साडूंच्या छोट्या सेडान गाडीची मागची काच फुटली. कुणी जखमी झाले नाही. काच मी फोडली.

शेवटचे वाक्य खरे तर पहिले यायला हवे होते. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून इतरांच्या बातम्यांत हीच दुरुस्ती करत आलो आहे. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र काच आपोआप फुटल्यासारखी मी बातमी सुरू केली. साडूभाऊंना हे मुळीच आवडले नसते. सबंध बडोद्यात त्यांच्याइतका सावध माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर तो घराबाहेर पडत नसावा.

साडूभाऊ कोयलीच्या रिफायनरीत सुरक्षा विभागात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण ती फक्त पगारापुरती. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की ते आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजतात, मग यजमानांना नमस्कार करतात आणि शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची धरतात. बल्ब बदलायचा असला तर पिवळे हेल्मेट घालूनच स्टुलावर चढतात. घरी पाहुणा आला की चहाबरोबर त्याला माहिती मिळते: "आग लागली तर मागच्या दाराने निघायचं, आणि लिंबाखाली जमायचं." मुलीला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी हेच सांगितले होते. मंडळी पोहे टाकून उठायच्या बेतात होती. ज्याने शांतपणे "कुठला लिंब?" असे विचारले, तो आज त्यांचा जावई आहे.

गच्चीवर त्यांनी जुन्या नारिंगी शर्टाची बाही बांबूला बांधून ठेवली आहे. वायू गळला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने पळायचे असते, म्हणून वारा कुठून येतो ते सतत दिसले पाहिजे. सुभानपुऱ्यात वायू कोण गाळणार, असे मी एकदा विचारले. "गॅस सिलिंडर तुमच्याकडेही आहे ना?" असे म्हणून त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. मी घरी आलो आणि रेग्युलेटर बंद आहे का ते बघितले. त्या बाहीचा खरा उपयोग वर्षातून दोन दिवस होतो. उत्तरायणात आसपासच्या गच्च्यांवरची पोरे पतंग हातात धरून ओरडतात, "काका, पवन केवो छे?" आणि साडूभाऊ बाहीकडे बघून गंभीरपणे वाऱ्याची दिशा जाहीर करतात. स्वतः पतंग उडवत नाहीत. गळ्याला मफलर गुंडाळून खुर्चीत बसतात, कारण मांजा.

पण त्यांची सगळी सावधगिरी एकवटली आहे ती त्या गाडीत. गाडी जुनी. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केले. ते रोज सकाळी ती आतून-बाहेरून पुसतात. काचेवर बोट उमटलेले त्यांना चालत नाही. "बोटाचा डाग म्हणजे तेवढी आंधळी जागा," असे ते म्हणतात. एकदा मी मागच्या काचेतून बोटाने कुठलीशी इमारत दाखवली, तर सिग्नलला गाडी थांबताच त्यांनी फडके माझ्या हातात दिले.

गाडी आवारात लावायची ती तोंड रस्त्याकडे करूनच, हा रिफायनरीचा नियम. पळायची वेळ आली तर वळवत बसायला नको. म्हणजे रोज अरुंद गल्लीतून उलटी आत घ्यायची, आणि मागे भिंत. यासाठी त्यांनी एक पद्धत बसवली होती. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, गेटजवळ उतरायच्या आणि गाडीच्या बाजूने चालत मागच्या काचेच्या कोपऱ्यावर बोटांनी ठोकायच्या. दोनदा टकटक म्हणजे येऊ द्या. एकदा म्हणजे थांबा. साडूभाऊ आरशात बघायचे, पण आरशावर त्यांचा विश्वास नव्हता. "आरसा अंदाज देतो. इशारा माणूस देतो," असे ते सांगायचे. क्रेनवाला एकाच माणसाचा इशारा मानतो, बाकी शंभर जण ओरडले तरी ऐकत नाही. त्यांच्या गाडीमागचा तो एक माणूस म्हणजे ताई. तोंडी सूचना बाद.

गेल्या हिवाळ्यात ताईंचा गुडघा बदलायचे ठरले. दवाखान्यात दाखल होताना साडूभाऊंनी त्यांना शब्द दिला, "परत आणायला मी येणार. आपल्या गाडीतून." ही बातमी पुण्याला त्यांच्या मुलीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे पोहोचली आणि तिथून फोन आला. फोन मला आला.

"काका, बाबांनी आता गाडी चालवू नये असं मला वाटतं. मी विकायलाच सांगणार होते. पण आई म्हणते, एकदा काकांना सोबत बसू दे. तुम्ही पेपरात होतात. नीट बघा आणि मला जे असेल ते खरं सांगा. थोडंसं जरी कुठे लागलं ना, तरी शनिवारी आईला घरी आणायला टॅक्सी. आणि गाडी विकायची."

मी हो म्हटले. निःपक्ष निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली याचा मला अभिमान वाटला, हेही नोंदवायला हवे.

गुरुवारी आम्ही दवाखान्यापर्यंत जाऊन आलो. साडूभाऊंनी गाडी उत्तम चालवली. वाटेत गाय आली, रिक्षा आडवी आली, झाडावरून लोंबणारा मांजा आला. तिन्ही वेळा ते माझ्याआधी सावध झाले होते. गल्लीत परत आलो. मी उतरून गेटचे कुलूप काढले आणि कुलूप हातात ठेवूनच मागे गेलो. ताई नसल्यामुळे इशाऱ्याचे काम माझ्याकडे आले होते. मी दोनदा टकटक केली. गाडी मागे येऊ लागली. मग भिंत जवळ दिसली आणि मी "थांबा!" असे ओरडलो. गाडी येतच राहिली. तोंडी सूचना बाद असते, हे मी विसरलो होतो. मी आणखी दोनदा "थांबा" म्हटले, मग आठवले, आणि हात उचलून एकदा जोरात ठोकले. हातात कुलूप होते.

काच खाली आली ती खडीसाखरेसारखी. गाडी जागच्या जागी थांबली. भिंतीला लागली नव्हती.

साडूभाऊंनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केले, बाहेर आले. काचेकडे न बघता आधी विचारले, "कुणाला लागलं?" कुणाला नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या हाताकडे बघितले, कुलुपाकडे बघितले, आणि निर्णय दिला: "इशारा बरोबर होता. अवजार चुकलं."

मग त्यांनी मला हेल्मेट आणून दिले. काच वेचताना हेल्मेट कशाला, हे विचारण्याच्या स्थितीत मी नव्हतो. दोन म्हातारे पिवळी हेल्मेटे आणि गॉगल घालून गाडीच्या मागच्या सीटवर ओणवे झालेले बघून शेजारच्या बेन बाहेर आल्या. "काका, फिरकी पडी?" त्यांनी वर गच्चीकडे बघत विचारले. वरून कुणाची तरी मांजाची फिरकी पडली असावी, असा सबंध गल्लीचाच समज झाला होता, आणि तो अतिशय सोयीचा होता. मी खाली वाकून काचा वेचत राहिलो. साडूभाऊ म्हणाले, "ना बेन. आ भाईए ताळाथी तोड्यो." संध्याकाळपर्यंत ते हे वाक्य दूधवाला, इस्त्रीवाला आणि समोरचे निवृत्त प्राध्यापक यांना सांगून मोकळे झाले. अपघाताचा अहवाल खराच द्यायचा असतो, तो त्यांचा नियम. त्यात माझ्याविषयी राग कणभर नव्हता. तेवढा असता तर बरे वाटले असते.

भाचीला त्या दिवशी फोन केला नाही. तपास अपुरा आहे, असे मी स्वतःला सांगितले.

शुक्रवारी काच शोधणे आले. कंपनीच्या दुकानात "ऑर्डर करवो पडशे, आठ-दस दिवस" असे उत्तर मिळाले. साडूभाऊ बाहेर येऊन बंद गाडीत नुसतेच बसून राहिले. मागे प्लास्टिकचा कागद फडफडत होता. "तिला टॅक्सीत गुडघा लांब करता येणार नाही," एवढेच म्हणाले. टॅक्सीही गाडीच असते, तिलाही मागची सीट असते, हे मला सुचले होते.

शेवटी जुन्या पादरा रोडवर एका काचवाल्याकडे त्या मॉडेलची काच निघाली. साडूभाऊंनी ती उन्हात धरून बघितली आणि धुके घालवायच्या तारा तिच्यात आहेत का ते विचारले.

"अंकल, वडोदरामां धुम्मस क्यां पडे छे?" काचवाला म्हणाला.

"पडे तो?"

तारा होत्या. तासाभराने जुना गोंद खरवडणे चालू असताना काचवाल्याचा फोन वाजला. त्याने तो खांद्याने कानाशी धरला आणि म्हणाला, "हां आई, जेवलीस का? गोळी घेतली? मी येतो संध्याकाळी." फोन ठेवला. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितले. मग साडूभाऊंनी विचारले, "गुंदर सुकाता केटली वार लागशे?" आणि काचवाल्याने उत्तर दिले, "काल सुधी राखजो," म्हणजे उद्यापर्यंत. व्यवहार गुजरातीत सुरू झाला होता, तो गुजरातीतच संपला. बडोद्यात याचे कुणाला काही वाटत नाही.

गोंद वाळेपर्यंत दार आपटायचे नाही, आतल्या हवेच्या दाबाने काच निसटते, एक खिडकी थोडी उघडी ठेवायची, पाणी लागू द्यायचे नाही, असे त्याने बजावले. रात्री साडूभाऊंनी गाडीभोवती लाल-पांढरी फीत बांधली. शनिवारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले, धक्का लागू द्यायचा नाही, एकदम भार टाकायचा नाही, टाक्यांना पाणी लागू द्यायचे नाही. साडूभाऊंनी दोन्ही सूचना इतक्या मनापासून पाठ केल्या होत्या की पार्किंगमध्ये ते "दाब नको, धक्का नको, पाणी नको" असे पुटपुटत होते तेव्हा ते गुडघ्याविषयी बोलत आहेत की काचेविषयी, हे मला कळले नाही.

ताई मागच्या सीटवर पाय लांब करून आडव्या बसल्या. पाठीशी उशी. मी दार लावायला गेलो तसे साडूभाऊ आणि ताई एकदम म्हणाले, "हळू!" ताईंना सगळी हकीकत फोनवर समजली होती. कुणी सांगितली हे विचारायला नको.

"अहो, माझा गुडघा नवा, तुमची काच नवी," ताई म्हणाल्या. "दोघींना घरी पोचवा म्हणजे झालं. आणि भाऊजी, कुलूप कुठंय?"

"साडूभाऊंच्या खिशात," मी म्हटले.

"छान. तिथंच राहू दे."

गल्लीत आलो. साडूभाऊंनी स्वतः उतरून गेट उघडले आणि परत येऊन बसले. मी बाहेर उभा होतो, दोन्ही हात रिकामे. मला त्यांनी काही सांगितले नाही. गाडी मागच्या गिअरमध्ये टाकून ते तसेच थांबले. आरशात बघितले. हात चाकावर. गाडी हलेना. बाहेर माझ्याशिवाय इशारा द्यायला कुणी नव्हते, आणि माझ्याकडे ते बघत नव्हते. इंजिन घरघरत राहिले. कपाळावरचा घाम त्यांनी मनगटाने पुसला. क्षणभर मला वाटले, भाचीला जे सांगायचे ते हेच.

तेवढ्यात आतून टकटक ऐकू आली. ताईंनी उशीवर कलून मान वळवली होती आणि हात लांब करून मागच्या काचेवर आतूनच बोटांनी ठोकत होत्या. दोनदा. गाडी मागे आली. पुन्हा दोनदा. नवी काच, गोंद जेमतेम वाळलेला. साडूभाऊंनी "दाब नको" म्हटले नाही. गाडी सरळ रेषेत भिंतीकडे सरकत गेली. मग एकदा टकटक झाली, आणि गाडी थांबली.

भाचीचा फोन लगेच आला. "काका, खरं सांगा. कुठे लागलं?"

मी गुरुवारची काच तिला सांगितली, फोडणाऱ्याच्या नावासकट. ते तिला आधीच माहीत होते. मग आजचे विचारल्यावर मी मागे जाऊन गाडी आणि भिंत यांच्यामध्ये हात घातला. वीतभर अंतर होते. तसे मी तिला सांगितले.

ती मग म्हणाली, "बरं. मग गाडी राहू दे. पण काका, तुम्ही तिच्या मागे उभे राहू नका."

आता ताईंचा गुडघा बरा आहे. त्या भाजी आणायला चालत जातात. गाडी आवारात घेताना मात्र त्या उतरत नाहीत. मागच्या सीटवर बसून आतूनच इशारा देतात. काचेच्या डाव्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, त्यांच्या बोटांचे डाग पडले आहेत. साडूभाऊ अजून रोज सकाळी गाडी पुसतात. मागची काच ते फक्त बाहेरून पुसतात.