नारळ चाकापुढंच फोडा

कॅन्सर संशोधनाला मदत म्हणून आमची सायकलफेरी केडगावहून मिरजगावला निघाली, तेव्हा माझ्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या ओळींवर खूण झाली होती: पंक्चरचं सामान, पाणी, गूळ-शेंगदाणे. एकच ओळ उरली होती, ‘साडेनऊच्या आत मिरजगाव’. कॅन्सरचे उपचार संपवून घरी आलेली माझी धाकटी जाऊ शेवटचा एक किलोमीटर माझ्यासोबत चालवणार होती. दहाला तिला तपासणीसाठी पुण्याची एसटी गाठायची होती.

वाटेतलं प्रत्येक गाव सत्कार करणार, हे मात्र मी धरलंच नव्हतं. पहिल्या गावात शाल, नारळ, भाषण यांत वीस मिनिटं गेली. दुसऱ्या गावातही तेच. तिसऱ्या गावात सरपंचबाई शाल घेऊन पुढे आल्या, तशी मी सायकलवरूनच ओरडले, “शाल राहू द्या, नारळ चाकापुढंच फोडा!”

“आन् माझं भाषन?” मागून एका आजोबांनी विचारलं.

“माघारी येतील तवा करा, आबा,” म्हणत सरपंचबाईंनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला.

मिरजगावच्या अलीकडे जाऊ सायकल धरून उभी होती, नव्यानं वाढू लागलेल्या केसांवर हेल्मेट. पावणेदहा झाले होते.

“अक्का, सत्कार लई झाले वाटतं!”

“चल आधी!”

ती अशी सुटली की मलाच दम लागला. स्टँडवर एसटी उभी होती आणि दीर तिची पिशवी घेऊन दारातच अडून उभे होते. ती चढली, खिडकीतून ओरडली, “पुढच्या वर्षी केडगावपासनं येते!”

मी तिथंच नवी यादी सुरू केली. पहिली ओळ: सायकली दोन.