नाकाडेसाहेबांचा पहिला घोट

नुसती बिअर पिणाऱ्यांचे किस्से होत नाहीत. ते पितात, झोपतात, विषय संपला! किस्से होतात चव घेणाऱ्याचे. आणि ब्रह्मपुरीसारख्या धानाच्या गावात असा माणूस एकच असला, तर त्याच्याभोवती बसणाऱ्यांकडे दहा-बारा वर्षांत इतके किस्से साचतात, की आधी कुठला सांगावा हेच कळत नाही.

आमचे नाकाडेसाहेब पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. मी त्याच ऑफिसात क्लार्क. रविवारी दुपारी त्यांच्या मागच्या पडवीत आमची बैठक. तिसरे रफिकभाई, बसस्टँडजवळ त्यांचं कोल्ड्रिंकचं दुकान. रफिकभाई थेंबाला शिवत नसत. ते गप्पांसाठी यायचे आणि येताना बर्फ आणायचे. "बर्फ माझा. बाकीचं तुमचं तुम्ही वर जाऊन सांगजा!" म्हणायचे.

साहेबांचा नियम एकच. एका रविवारी एकच बाटली, आणि शक्यतो आधी कधी न चाखलेली. पहिला घोट घेऊन ते डोळे मिटायचे. ते उघडेपर्यंत कुणी बोलायचं नाही!

*

नव्वदच्या दशकात आमच्याकडे बिअर म्हणजे दोन प्रकार. थंड आणि गरम.

गावाबाहेर एक नवीन बार उघडला, तेव्हा साहेब मला मुद्दाम घेऊन गेले. वेटर आला.

"काय आणू साहेब?"

"नवीन काय आहे?"

वेटर गोंधळला. काउंटरवर गेला, मालकाशी बराच वेळ कुजबुजला आणि परत येऊन म्हणाला,

"साहेब, पंखा नवीन आहे."

*

साहेबांचा भाचा कंपनीच्या कामानं जर्मनीला गेला होता. येताना त्यानं मामासाठी गव्हाची बिअर आणली. एकच बाटली, स्वेटरमध्ये गुंडाळून! ती ढगाळच असते, तळाचा गाळ हलवून प्यायची असते, हे सगळं साहेबांनी आम्हाला आठवडाभर ऑफिसात समजावलं. शनिवारी मला झोप लागली नाही.

रविवारी आम्ही पडवीत बसलो. रफिकभाईंनी बर्फ फोडला. साहेब आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मग सुमनवहिनींचा आवाज आला.

"अजी, ते नासलं होतं! तळाशी हा एवढा गाळ. मी फडक्यानं गाळून ठेवलं. वास मारे म्हणून एक उकळीबी आणली. इतक्या दुरून पोरानं आणलं, वाया काऊन घालवाचं?"

साहेब बाहेर आले. हातात स्टीलचं पातेलं. पाठोपाठ वहिनी, पदराला हात पुसत.

साहेबांनी पातेल्यातलं ग्लासात ओतलं. फेस नाही, काही नाही. शांतपणे घोट घेतला. डोळे मिटले.

"कसं आहे जी?" वहिनींनी विचारलं.

साहेबांनी डोळे उघडले. बायकोकडे पाहिलं.

"मस्त झालं. मीठ तेवढं कमी आहे."

*

त्यानंतर साहेबांनी ठरवलं, घरीच करून पाहायची. भाच्यानं कुठल्याशा पुस्तकाची झेरॉक्स पाठवली. साहेबांनी गव्हाला मोड आणले, वाळवले, भाजले. बेकरीतून यीस्ट आणलं. हॉप्स नावाची कडू फुलं लागतात, ती इथे कुठली मिळायला! त्याऐवजी त्यांनी काढ्यातलं काडेचिराईत घातलं. बाटल्या भरल्या, बुचं ठोकली आणि धानाच्या कोठीत ठेवल्या.

महिना मे. आमच्याकडचा मे!

भर दुपारी पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग धडाधड सगळ्या! शेजारी फौजेतले एक रिटायर्ड जमादार राहायचे. ते अंगणात बाजेवर पडले होते. पहिल्याच आवाजाला ते बाजेखाली गेले आणि तिथून ओरडले, "लेटे रहो! कोई उठना नहीं!" अख्खी गल्ली जमिनीवर.

सगळ्यांत एक बाटली तेवढी वाचली होती. साहेब ती घेऊन माफी मागायला गेले. जमादारांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला.

"नाकाडे," ते म्हणाले, "आवाज चांगला होता."

*

दुसऱ्या खेपेची एकही बाटली फुटली नाही. नागभीडकडच्या जंगलात कालव्याचा सर्व्हे होता, तिथल्या गावात मडावीबाबा म्हणून एक म्हातारे होते. मोहाची दारू त्यांच्यासारखी कुणाला गाळता येत नाही, असं सगळे सांगायचे. साहेबांनी बाटली पिशवीतून काढली आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखे त्यांच्यापुढे उकिडवे बसले.

मडावीबाबांनी वास घेतला. घोट घेतला. मिशा पुसल्या.

"साहेब, हे कोनत्या तापावरचं हाये?"

साहेबांचा चेहरा पडला. म्हाताऱ्याला वाईट वाटलं असावं. त्यांनी साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"औषद चांगलं हाये. एक बाटली ठेवून जा. सून खोकलून राह्यली."

*

मग साहेबांची बदली झाली. मुलचेऱ्याकडच्या एका गावी, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात. तिथे दारूबंदी. कुणी तरी सुचवलं, पिशवीत लपवून नेऊ. साहेब म्हणाले, "मी सरकारी मानूस आहो. बंदी म्हणजे बंदी." पण निरोप देताना बसच्या खिडकीतून एवढंच बोलले, "रविवार मोडू नोका."

पहिल्या रविवारी मी आणि रफिकभाई दुकानामागे नुसते बसलो. बर्फ वितळला तरी बाटली उघडवेना. मग रफिकभाईच म्हणाले, "भाऊ, साहेबाले लिहून पाठवू ना. पोस्टकार्डाले कुठी बंदी आहे?"

असं ते सुरू झालं. मी घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, आणि जे वाटेल ते लिहायचं. 'आधी कारल्यासारखी, मग भाजलेल्या पोळीसारखी.' मला शब्द सुचला नाही की रफिकभाई माझा चेहरा पाहून सांगायचे, "लिहा, दुसऱ्या घोटाले कपाळावर आठी!" दर आठवड्याला एक कार्ड. साहेबांचं उत्तर दोनच ओळींचं यायचं. 'चव पोहोचली. घाई करू नका.'

एकदा भाच्यानं काळी बिअर पाठवली. कॉफीसारखी काळी! मी तिची बाटली, रंग, फेस सगळं इतकं रंगवून लिहिलं की चवीला जागाच उरली नाही. शेवटी कोपऱ्यात कोंबून लिहिलं, 'पहिला घोट घेतला आणि... बाकी पुढच्या कार्डात.' कार्ड टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी मी टायफॉईडनं आडवा झालो.

तीन आठवडे कार्ड गेलं नाही. चौथ्या आठवड्यात एक कार्ड आलं. अक्षर साहेबांचं नव्हतं.

'मा. महोदय, सा. न. वि. वि. नाकाडेसाहेबांची तब्येत उत्तम आहे, त्यांची काळजी नसावी. परंतु तीन आठवडे आपले कार्ड नाही, त्यामुळे इकडे पोस्टात आम्हा तिघांचे कामात लक्ष लागत नाही. काळी कडू निघाली की गोड, एवढे उलट टपाली कळवावे. आपला, पोस्टमास्तर.'